ओळख पटली, मग जवळ यायचं की लांब सरायचं?

‘चेतापेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं एकमेकांना ओळखतात.’ पुण्यात एमएस्सीला किंवा नेटच्या तयारीला बसलेल्या कुणाच्याही वहीत हे वाक्य सापडेल. पुढे ‘म्हणून पेशी चिकटतात’ असं हात आपसूक लिहून जातो, आणि घोळ होतो तो तिथेच. न्युरेक्सिन-न्यूरोलिगिनची जोडी आणि डीस्कॅम, ही अशीच प्रथिनं, दोन्ही ओळखणारीच. पण एकीकडे ओळख पटली की सांधा पक्का होतो, दुसरीकडे ओळख पटली की पेशीच्या फांद्या मागे सरतात.

न्युरेक्सिन असतं संदेश धाडणाऱ्या बाजूला. १९९२ मध्ये ते हाती लागलं ते ब्लॅक विडो कोळ्याच्या विषाचा माग काढताना. समोरच्या पेशीवर न्यूरोलिगिन, मधली फट जेमतेम २० नॅनोमीटरची. २००० साली मेंदूबाहेरच्या साध्या पेशींना न्यूरोलिगिन बनवायला लावलं, तर त्यांना टेकलेले अ‍ॅक्सॉन, म्हणजे चेतापेशींचे संदेश नेणारे लांब तंतू, तिथेच संदेश धाडण्याची सामग्री जमवू लागले! म्हणून न्यूरोलिगिनशिवाय सिनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधला संदेशाचा सांधा, बनतच नाही असं मात्र समजू नका. २००६ मध्ये त्याची तीन जनुकं काढलेल्या उंदरांत सिनॅप्सची संख्या जवळपास तेवढीच राहिली. बिघडलं ते त्यांचं काम. पिल्लं श्वास न घेता आल्याने जन्मताच दगावली. त्यामुळे या जोडीला नुसता ‘डिंक’ म्हणणं मला पटत नाही.

आता डीस्कॅम. मंडईतून आणलेली केळी जरा जास्त पिकली की त्यांच्यावर चिलटं जमतात, त्यांतलीच ही फळमाशी. पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेतही तिच्यावर संशोधन चालतं. तिच्या डीस्कॅम-१ या एकाच जनुकात चार ठिकाणी पर्यायी तुकडे आहेत: १२, ४८, ३३ आणि २. प्रत्येक ठिकाणचा एकेकच निवडायचा. गुणाकार करून बघा, ३८,०१६ रूपं होतात. शेवटचे दोन तुकडे पेशीच्या पटलात रुतणाऱ्या भागाचे, म्हणजे बाहेरून वेगळे दिसणारे चेहरे १९,००८. एका पेशीच्या वाट्याला यांतले मोजकेच येतात, तेही बरेचसे नशिबाने. एखादं रूप पकडतं ते जवळपास फक्त हुबेहूब आपल्यासारख्यालाच. तसं पकडलं गेलं की पेशीच्या आत इशारा जातो आणि दोन्ही फांद्या दूर होतात. एकाच पेशीच्या सगळ्या फांद्यांवर तीच रूपं असतात; माशीच्या अळीच्या त्वचेखालच्या प्रत्येक चेतापेशीच्या फांद्या एकमेकींवर न चढता पसरतात त्या यामुळे. शेजारच्या दोन पेशींना मुद्दाम एकच रूप दिलं, तर त्याही एकमेकींना टाळू लागतात.

आणखी एक सारखेपणा फसवतो. न्युरेक्सिनचीही स्प्लायसिंगने, म्हणजे जनुकातले तुकडे असे निवडून जोडण्याने, ढीगभर रूपं होतात. पण तिथे कोणता तुकडा आला यावर जोडीदार ठरतो: चौथ्या जागेवरचा तुकडा असेल तर सेरिबेलिन हे प्रथिन, नसेल तर एलआरआरटीएम हे दुसरं. डीस्कॅमच्या बाबतीत रूप कोणतं याला फारसं महत्त्व नाही, शेजारणीपेक्षा वेगळं असलं की झालं.

आपल्यात आणि उंदरात डीस्कॅमची एवढी रूपं नाहीत. तिथे हे काम प्रोटोकॅडहेरिन नावाची प्रथिनं करतात. उंदरात त्यांची ५८ जनुकं शेजारी-शेजारी आहेत. त्यांतला गॅमा गट काढला, की डोळ्याच्या पडद्यातल्या स्टारबर्स्ट पेशींच्या फांद्या आपल्याच फांद्यांत गुंततात आणि पेशी चक्क स्वतःशीच सिनॅप्स जोडते.