नव्या लॅपटॉपवर लिनक्स: सिक्युअर बूट आलं कुठून?

विंडोज असलेल्या नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायला बसलं की पहिली गाठ डिस्कशी पडत नाही, फर्मवेअरशी (यंत्र सुरू होताच सिस्टिमच्या आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरशी) पडते. सिक्युअर बूट (सही तपासूनच सिस्टिम सुरू होऊ देणारी त्यातली सोय) चालू ठेवायचं की बंद करायचं, हे पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कचे भाग पाडण्याच्या, आधी ठरवावं लागतं.

दुसऱ्या सिस्टिमच्या शेजारी राहणं लिनक्सला जन्मापासून ठाऊक आहे. १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ते लिहायला घेतलं तेव्हा त्यांच्या ३८६ पीसीवर मिनिक्स ही दुसरी सिस्टिम होती आणि पहिली आवृत्ती कंपाइल करायलाही मिनिक्सच लागे. पुढे १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन हे डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे तयार संच, आले. डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये बूट कोडला जेमतेम ४४६ बाइट जागा असे. शेवटी जी सिस्टिम टाकली जाई ती तिथे आपला कोड लिही, म्हणून विंडोज पुन्हा टाकलं की लिनक्सचा बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करणारा कोड, पुसला जाई.

पण विंडोज आधीपासून असतंच का? मायक्रोसॉफ्टच्या जुन्या करारांत एक कलम होतं. एखाद्या प्रोसेसरचे जितके संगणक विकले जातील तितक्यांवर उत्पादकाने रॉयल्टी द्यायची, आत मायक्रोसॉफ्टची एमएस-डॉस सिस्टिम असो वा नसो. अमेरिकेच्या न्याय विभागाशी १९९४ मध्ये झालेल्या समझोत्याने ही पद्धत थांबली, पण आधीच विंडोज भरून संगणक विकण्याची रीत कायम राहिली. न वापरलेल्या विंडोजचे पैसे परत मागण्यासाठी लिनक्सवाल्यांनी १५ फेब्रुवारी १९९९ रोजी ‘विंडोज रिफंड डे’ही पाळला.

नंतरची काही वर्षं सुखाची. नॉपिक्स या डिस्ट्रोने सीडीवरूनच लिनक्स चालवून दाखवलं, विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन डेटा न घालवता लहान करता येऊ लागलं आणि २००६ च्या उबुंटू ६.०६ पासून लाइव्ह डेस्कटॉपवरूनच इन्स्टॉल करायची सोय झाली. वाय-फाय मात्र बराच काळ छळत राहिलं.

मग ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आलं. त्याच्या प्रमाणपत्रासाठी नव्या संगणकात सिक्युअर बूट चालू असणं सक्तीचं होतं. यात फर्मवेअर फक्त ओळखीच्या चावीने सही केलेलाच बूटलोडर चालवतं. हेतू चांगला होता, कारण सिस्टिमच्या आधी सुरू होणारं मालवेअर एरवी पकडणं फार अवघड. अडचण चावीची होती. मायक्रोसॉफ्टची चावी प्रत्येक उत्पादक घालणार, लिनक्सच्या डिस्ट्रोंची कोण घालणार? रेड हॅटमधल्या मॅथ्यू गॅरेट यांनी २०११ मध्येच हा धोका दाखवून दिला. त्यावर बरीच चर्चा झाली. एक्स८६ (इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या) संगणकांवर मालकाला सिक्युअर बूट बंद करता आलं पाहिजे, असं मायक्रोसॉफ्टच्या नियमांत आलं. एआरएम प्रोसेसरच्या संगणकांवर मात्र ती मुभा नव्हती, आणि विंडोज १० पासून एक्स८६ वरही ते उत्पादकाच्या मर्जीवर सोडलं गेलं.

लिनक्सवाल्यांनी काढलेली वाट म्हणजे शिम. हा छोटा लोडर मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेतलेला असतो. तो डिस्ट्रोची चावी ओळखतो आणि पुढे ग्रब हा बूटलोडर व कर्नल (लिनक्सचा गाभा) तपासून चालवतो. मालकाला स्वतःची चावीही त्यात नोंदवता येते. एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकल्यावर रीबूटला जो निळा पडदा येतो, तो याच नोंदणीचा. शिमवर काम करणाऱ्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. तरीही माझ्या यंत्रावर काय चालावं, यासाठी दुसऱ्या कंपनीची सही लागते हे मला पटत नाही.

विंडोजचं बिटलॉकर (डिस्कवरचं कुलूप) आणि फास्ट स्टार्टअप (पुरतं बंद न होता लवकर सुरू होणं) या त्यामानाने छोट्या गोष्टी. पहिल्याची रिकव्हरी की आधी जपून ठेवायची, दुसरं बंद करायचं, नाहीतर विंडोजचं पार्टिशन अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहतं.

चावीचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. जादा सुरक्षेच्या ‘सिक्युअर्ड-कोअर’ लॅपटॉपवर शिमची सही मानणारी चावी मुळात बंद असते, ती फर्मवेअरमध्ये जाऊन चालू करावी लागते. शिवाय २०११ च्या त्या चावीची मुदत जून २०२६ पर्यंतचीच आहे आणि तिच्या जागी २०२३ ची चावी येते आहे. ज्या यंत्रात फक्त नवी चावी असेल ते जुना शिम नाकारेल, म्हणून नव्या लॅपटॉपसाठी पेनड्राइव्ह करताना डिस्ट्रोची ताजी आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल) घ्यावी.