गोंद धरतो काही आठवडे, पुढे प्रवाळ स्वतः धरतं

समुद्री टँकमध्ये प्रवाळाला दगडावर कायमचं बसवण्याचं काम गोंद करत नाही, ते प्रवाळ स्वतःच करतं. कठीण प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन ॲरागोनाइट या चुनखडीसारख्या खनिजाचा सांगाडा रचतं, आणि हा सांगाडा बुडाशी पसरत पसरत खालच्या दगडाला घट्ट धरतो. मऊ प्रवाळ आणि झोअँथिड (प्रवाळाचे नातलग असलेले छोटे समुद्री जीव) यांची बुडाची ऊतीच दगडावर पसरून पकड घेते. याला काही आठवडे लागतात. तेवढे दिवस पंपाच्या प्रवाहाने किंवा एखाद्या गोगलगायीच्या धक्क्याने तुकडा हलू नये, एवढीच गोंदाची जबाबदारी. त्यामुळे गोंद किती मजबूत आहे हे फारसं महत्त्वाचं नाही. तो ओल्यात धरतो का आणि धरल्यावर पाण्यात काय सोडतो, हे पाहायचं.

यातली दुसरी बाब नागपूरसारख्या ठिकाणी जास्तच जपावी लागते. इथला समुद्र म्हणजे आरओच्या पाण्यात मीठ कालवून घरी केलेलं शे-दोनशे लिटर पाणी. खऱ्या समुद्रात जे विरून जातं ते इथे साठत राहतं, आणि पाणी बिघडलं तर बदलायला पुन्हा तेवढंच पाणी आणि मीठ तयार करावं लागतं.

इतवारीतल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात दहा तऱ्हेचे गोंद मिळतात, पण त्यातले बहुतेक या कामाचे नाहीत. लाकूडकामाचा पांढरा गोंद पाण्यात मऊ पडतो. सनमायका बसवायच्या रबरी गोंदात उडून जाणारी द्रावकं असतात. तो टँकच्या आसपासही नको. सिलिकॉनची गोष्ट जरा वेगळी. काच जोडायचं साधं सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास सोडतं. तो ॲसिटिक ॲसिडचा वास. पूर्ण वाळल्यावर तो जातो आणि मागे निरुपद्रवी रबर उरतं. पण बाथरूमसाठी विकतात त्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारं औषध मिसळलेलं असतं, आणि बुरशीला मारणारं औषध प्रवाळाला सोडेल अशी आशा धरू नये. गोंदांच्या बाबतीत बहुधा असंच असतं: मूळ पदार्थ निरुपद्रवी, धोका त्यात घातलेल्या औषधात, रंगात किंवा द्रावकात. शिवाय सिलिकॉनला कोरडी जागा लागते, म्हणून भरलेल्या टँकमध्ये तुकडे बसवायला ते तसंही निरुपयोगी.

उरतात दोन: सायनोॲक्रिलेट आणि इपॉक्सी पुटी.

सायनोॲक्रिलेट म्हणजे फेविक्विकच्या जातीचा गोंद. हॅरी कूव्हर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाच्या हाती तो 1942 मध्ये पहिल्यांदा लागला, पण दिसेल त्याला चिकटतो म्हणून तेव्हा बाजूला ठेवला गेला. 1958 मध्ये तो बाजारात आला. पुढे याच कुळातला ऑक्टाइल सायनोॲक्रिलेट जखमा बंद करायला वापरात आला. अमेरिकेत त्याला 1998 मध्ये मान्यता मिळाली. हा गोंद हवेने 'वाळत' नाही. ओलाव्यातले ऋणभारित आयन त्याच्या रेणूंना साखळीत गुंफतात आणि द्रवाचं प्लास्टिक होतं. समुद्री पाण्याचा सामू 8.1 ते 8.3, म्हणजे अल्कधर्मी; अशा पाण्यात ही गुंफण झटपट होते. इतर गोंदांना जे पाणी नडतं, तेच याला हवं असतं.

मात्र याच गुणामुळे नवख्याची फसगत होते. पाण्यात नेताक्षणी गोंदाच्या गोळ्यावर पांढरी साय धरते आणि आतला गोंद ओलाच राहतो. तुकडा नुसता टेकवला तर सायीला साय लागते आणि हात काढला की तुकडा गडगडतो. म्हणून पातळ नको, जेल घ्यावं. तुकड्याचं बूड टिश्यू पेपरने टिपून घ्यावं, वाटाण्याएवढा जेल लावावा, दगडावर दाबावा आणि दाबतानाच थोडा इकडेतिकडे फिरवावा. साय फाटते, आतला ताजा गोंद दगडाच्या खाचांत शिरतो. मग अर्धा-एक मिनिट हात स्थिर. गोंद बुडाच्या उघड्या सांगाड्यालाच लागावा, जिवंत ऊतीवर नाही.

हा गोंद ठिसूळ असतो आणि मोठी फट भरत नाही. जड तुकड्याला इपॉक्सी पुटी लागते. तिचे दोन भाग रंग एकसारखा होईपर्यंत मळायचे. रेषा दिसत असतील तर मिश्रण अपुरं आहे आणि न जुळलेलं रसायन पाण्यात उतरतं. पुटी पाण्याखालीही कडक होते, पण तिला काही तास लागतात आणि ओल्या दगडाला ती आपणहून नीट चिकटत नाही. यावर अनुभवी लोकांची तोड आहे: तुकड्याला जेल, मग पुटी, पुटीच्या खाली पुन्हा जेल. पुटी एका वेळी थोडीच वापरावी. ती लावल्यावर प्रोटीन स्किमर (फेस करून पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र) फेसाने उतू जातो. दिवसभर त्याच्याकडे लक्ष ठेवावं आणि फिल्टरमध्ये ताजा कार्बन घालावा. मळताना हातमोजे हवेतच, कारण हार्डनरची, म्हणजे पुटी कडक करणाऱ्या भागाची, त्वचेला ॲलर्जी जडू शकते. पाकिटावर मत्स्यालयासाठी सुरक्षित असं लिहिलं नसेल, तर नळगळतीची पुटी त्या जागी चालवू नये.

मशरूम आणि लेदर कोरल या मऊ अंगाच्या प्रकारांच्या बुळबुळीत अंगाला यातलं काहीच धरत नाही. मशरूम वाटीत दगडाच्या खड्यांवर ठेवून वर जाळी बांधावी. थोड्या दिवसांत तो एखाद्या खड्याला स्वतःच धरतो. लेदरचा तुकडा रबरबँडने सैलसर बांधला की पुरे.

झोअँथिड हाताळताना मात्र हातमोजे आणि चष्मा दोन्ही घालावे. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. असे दगड साफ करायला उकळू नयेत. त्या वाफेने माणसं दवाखान्यात पोचली आहेत.

तुकडा विकत घेण्याआधी तो आला कुठून हे विचारायला हवं. भारतीय समुद्रातली खडक रचणारी प्रवाळं आणि समुद्रपंखे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. परदेशी कठीण प्रवाळांच्या व्यापारावर साइट्स (CITES) या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराचं नियंत्रण आहे. कागद नसलेला तुकडा घेऊच नये, कितीही सुंदर असो.

आता गोंदाची नळी कशी ठेवायची ते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, आणि कूलर चालू असलेल्या खोलीतली हवा दमट असते. उघडी नळी तिथे आतल्या आत गोठते. न उघडलेली नळी फ्रिजमध्ये ठेवावी आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर तिच्यावर दव धरतं. उघडलेली नळी सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात. सांडलेला गोंद कापसाने पुसू नये; कापसात तो इतका तापतो की चटका बसतो. बोटं चिकटली तर ओढाताण न करता कोमट साबणपाण्यात बुडवून हळूहळू सोडवावी. ॲसिटोनचं नेलपॉलिश रिमूव्हर वापरलंच तर टँकपासून लांब, आणि हात स्वच्छ धुतल्याशिवाय पुन्हा पाण्यात घालू नयेत.