तिसरं चाक डावीकडे

साइडकार, म्हणजे बाजूला बसवायची एका चाकाची बैठक, जोडली की मोटरसायकल वळणावर कलत नाही, आणि पुढच्या सगळ्या भानगडी तिथूनच सुरू होतात. नुसती बुलेट वळताना आत झुकते, त्यामुळे चाकावर येणारा जोर चाकाच्याच रेषेत राहतो. साइडकारवाली गाडी मात्र ताठ उभी राहून वळते. सगळा आडवा जोर टायरवर आणि आऱ्यांवर पडतो. म्हणून अशा गाडीचा टायर मधोमध सपाट झिजतो आणि मागच्या चाकाचे आरे ढिले पडतात. दर महिन्याला पान्याच्या टोकाने एकेक आरा वाजवून बघावा. सगळ्यांचा आवाज जवळपास सारखा यायला हवा. एखादा बद्द वाजला तर तो ढिला आहे.

आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, म्हणून साइडकारही डावीकडे. सर्वात मोठा धोकाही डाव्या वळणावरच, कारण तिथे साइडकार हवेत उचलली जाते. तिला खाली धरून ठेवणारं वजन फक्त तिचं स्वतःचं. गाडी आणि चालक मिळून २४० किलो, त्यांचा गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटर उंच; रिकामी साइडकार ८० किलो, तिचा गुरुत्वमध्य ४० सेंटिमीटर उंच आणि गाडीपासून ८० सेंटिमीटर दूर, असं धरून हिशोब करा. १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २६ किलोमीटरलाच साइडकारचं चाक जमीन सोडतं. युरियाचं ४५ किलोचं भरलेलं पोतं तळाशी ठेवलं तर ही मर्यादा ३१ वर जाते, आणि ७० किलोचा माणूस बसवला तर ३३ वर. एवढा थोडाच फरक पडतो, कारण वळणावरचा आडवा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. रिकामी साइडकार घेऊन निघताना तळाशी रेतीचं पोतं बांधून टाकावं, तेही बाहेरच्या कडेला सरकवून. नुसतं ठेवलेलं पोतं पहिल्याच वळणावर गाडीकडे घसरतं आणि त्याचा अर्धा उपयोग जातो.

उजव्या वळणावर उलटं होतं. भार साइडकारवर जातो, मागचं चाक हलकं होतं आणि साइडकारचं नाक खाली बसतं. हे टाळायला साइडकारचं चाक मागच्या चाकाच्या सरळ रेषेत बसवत नाहीत. त्याचा आस १५ ते २५ सेंटिमीटर पुढे ठेवतात. त्याहून पुढे नेलं तर हँडल जड होतं आणि टायर घासतो.

सरळ रस्त्यावरही ही गाडी सरळ जात नाही. रेस दिली की गाडी पुढे धावते, साइडकार मागे ओढते, आणि हँडल डावीकडे जातं. ब्रेक लावला की साइडकार पुढे जाऊ पाहते आणि गाडी उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिशेने वळते. साइडकारच्या चाकाला ब्रेक नसेल तर हे फार जाणवतं.

या ओढीवर उतारा जोडणीतच असतो. दोन लांब सरळ पाइप घ्या. एक गाडीच्या दोन्ही चाकांना टेकवा, दुसरा साइडकारच्या चाकाला. पुढच्या चाकाच्या पुढे आणि मागच्या चाकाच्या मागे त्यांच्यातलं अंतर मोजा. पुढचं अंतर १५ ते २० मिलिमीटर कमी हवं. मग ओळंबा लावून गाडीचा कल बघा. माथा साइडकारपासून दूर, म्हणजे उजवीकडे, एक ते दोन अंश झुकलेला हवा. १९ इंची रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेत हा फरक ८ ते १७ मिलिमीटर भरतो. हे माप नेहमीचा भार चढवून आणि चालक बसवून घ्यावं, कारण रिकाम्या गाडीचं माप भार पडला की बदलतं.

जुन्या बुलेटच्या चौकटीत इंजिन हाच खालचा दुवा असतो. म्हणून साइडकारसाठी वेगळी उपचौकट लागते, आणि ती दोन खाली, दोन वर अशा चार ठिकाणी धरायची. चौकटीच्या नळीवर थेट पट्टी वेल्ड करणं हा हमखास तडा जाण्याचा रस्ता आहे. त्यापेक्षा क्लॅम्प बरा. बोल्ट १२ मिलिमीटरचे, ८.८ ग्रेडचे घ्या आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. पुढच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे साखळीच्या दातेरी चाकाचे, एक-दोन दात कमी केल्याशिवाय ३४६ सीसीच्या इंजिनाला हा भार झेपत नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत, खालच्या गिअरवर रखडणारं हवेवर थंड होणारं इंजिन तापतंच.

विदर्भातल्या पांदण रस्त्यावर वेगळीच अडचण. बंडीच्या चाकोरीत गाडीची दोन्ही चाकं जातात, पण साइडकारचं चाक दुसऱ्या चाकोरीत बसेल असं नाही. ते मधल्या उंचवट्यावर चढलं की सगळा कल बिघडतो. पावसात काळी माती मडगार्डमध्ये घट्ट बसते, साइडकारचं चाक फिरायचं थांबतं आणि गाडी डावीकडे वळायला लागते. अशा वेळी रेस वाढवण्यापेक्षा उतरून लाकडाने माती काढणं लवकर होतं. चिखलावर खरा उपाय जर्मन लष्कराच्या बीएमडब्ल्यू आर ७५ या मोटरसायकलमध्ये होता. तिच्या साइडकारच्या चाकालाही इंजिनाचा जोर पोचायचा, शिवाय रिव्हर्स गिअर होता. सोव्हिएत एम-७२ या मोटरसायकलवरून आलेल्या गाड्यांच्या बहुतेक साइडकार उजवीकडे असतात. आपल्या रस्त्यावर तिथे बसलेल्या माणसाच्या अंगावर समोरची वाहतूक येते, त्यामुळे अशी जोडी विकत घेण्यापूर्वी विचार करावा.

ही सगळी कसरत लोक करत होते, कारण मोटार परवडत नव्हती. १९२२ साली इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल गावात विल्यम लायन्स आणि विल्यम वॉल्मस्ली यांनी स्वॅलो साइडकार कंपनी काढली. त्याच वर्षी ऑस्टिन सेव्हन ही स्वस्त मोटार आली आणि तिने साइडकारचं गिऱ्हाईक ओढायला सुरुवात केली. १९२७ मध्ये स्वॅलोच त्या ऑस्टिनसाठी बॉडी बनवू लागली. तीच कंपनी पुढे जॅग्वार झाली. भारतात एनफिल्डचं काम मद्रासमध्ये १९५५ मध्ये सुरू झालं. इथे मात्र साइडकार जास्त दिसली ती स्कूटरला, आणि १९८३ मध्ये मारुती ८०० आल्यावर तीही कमी होत गेली.

कागदांचं एक लक्षात ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मोटरसायकलच्या व्याख्येतच काढता येणारी साइडकार धरली आहे; पण नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल केला तर कलम ५२ लागू होतं. म्हणून साइडकार जोडण्यापूर्वीच आरटीओत विचारून घ्यावं, आणि आरसी बुकात तशी नोंद करून घ्यावी. विम्याच्या दाव्याच्या वेळी पहिली तीच नोंद बघतात.