किमतीपुढे तीन-तीन ₹ कुठून आले?

पैठणमधल्या एका विणकर कुटुंबाची वेबसाइट मी सांभाळतो. साड्यांचे फोटो, काठ-पदराची माहिती आणि किंमत, एवढंच तिच्यावर असतं. ती वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालते. नव्या साडीची नोंद त्या घरातल्या काकू स्वतः त्याच्या एडिटरमध्ये, म्हणजे लिहिण्याच्या पानावर करतात. दिवाळीच्या तोंडावर त्यांचा फोन आला. "अरे, त्या बांगडी मोराच्या साडीला तीन-तीन रुपये लागलेत बघ. आणि मी लिहायला बसले की फोटो आपोआप पळायलेत."

उघडून पाहिलं. किंमत खरोखरच ‘₹₹₹१८,५००’ अशी दिसत होती. चूक माझ्याच कोडमध्ये होती, पण ती नेमकी कशी घडली हे शोधताना जे कळलं, ते वेबसाइट चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं असं मला वाटतं.

काकू किंमत नुसत्या इंग्रजी आकड्यांत टाकायच्या. पान वाचकाच्या मोबाइलवर उघडलं की माझा जावास्क्रिप्टचा (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेतल्या कोडचा) एक तुकडा ते आकडे देवनागरी करायचा, स्वल्पविराम घालायचा आणि पुढे ₹ लावायचा. एका जागेचं काम झालं की तिथे खूण करून ठेवायचा, म्हणजे तेच काम दुसऱ्यांदा व्हायचं नाही. ती खूण मात्र उघडलेल्या पानापुरतीच. हाच तुकडा एडिटरमध्येही चालत होता, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. काकूंनी किमतीचा एक आकडा बदलला की एडिटर त्या चौकटीत त्या क्षणी दिसणारा सगळा मजकूर वाचतो आणि तोच खरा धरतो. म्हणजे माझ्या कोडने दाखवण्यापुरता लावलेला ₹ आता थेट डेटाबेसमध्ये, म्हणजे वेबसाइटची माहिती साठते तिथे जाऊन बसला. वाचकाच्या पानावर कोडने आणखी एक लावला, ते झाले दोन. काकूंनी पुन्हा किंमत बदलली, आणि झाले तीन.

त्यांच्या घरातला माग मी पाहिलेला आहे. विणली जात असलेली पैठणी ताणलेली असते, रंगारंगाचे धागे लोंबत असतात, मोराची मान अर्धीच उमटलेली असते. घडी घालणं, खोक्यात ठेवणं, हे सगळं साडी मागावरून उतरल्यावरचं काम. माझा कोड मागावरच्याच साडीची घडी घालायला निघाला होता.

ब्राउझरला हा फरक आपणहून कळत नाही. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपमध्ये जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला, तेव्हापासून तिचा स्वभाव तोच आहे: पान उघडलं, त्यात स्क्रिप्ट जोडलेली आहे, तर ती चालवायची. समोरचं पान वाचायचं आहे की लिहायचं, हे तिला कुणीतरी सांगावं लागतं. पूर्वी हा प्रश्न वर्डप्रेसमध्ये फारसा जाणवत नसे, कारण लिहिण्याची चौकट वेगळी आणि साधी असायची. ६ डिसेंबर २०१८ रोजी आवृत्ती ५.० आली, तिच्याबरोबर ब्लॉक एडिटर आला, म्हणजे मजकूर, फोटो अशा सुट्या तुकड्यांनी (ब्लॉकनी) पान रचायची सोय, आणि लिहिण्याचं पान बरंचसं वेबसाइटसारखं दिसू लागलं. ही सोय मोठीच आहे. आपली साडी पानावर कशी दिसेल हे काकूंना तिथल्या तिथे कळतं. पण सारखं दिसण्यासाठी बाहेरच्या बऱ्याच फाइली आतही आणाव्या लागतात. त्यांत रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या फाइली हव्यातच. हालचाल करणाऱ्या जावास्क्रिप्टचं तसं नाही.

वर्डप्रेसमध्ये ब्लॉकची कुंडली ‘ब्लॉक डॉट जेसन’ नावाच्या फाइलमध्ये असते. तिथे ‘स्क्रिप्ट’ या नोंदीखाली लिहिलेली फाइल दोन्हीकडे जाते, ‘एडिटर स्क्रिप्ट’खालची फक्त एडिटरमध्ये आणि ‘व्ह्यू स्क्रिप्ट’खालची फक्त वाचकाच्या पानावर. मी पहिली नोंद वापरली होती, हवी होती तिसरी. फोटो पळवणारी फाइल तिथे हलवली आणि काकूंचे फोटो जागच्या जागी थांबले.

बरेच जण वेगळा रस्ता धरतात. फाइल सगळीकडे जोडतात आणि कोडमध्ये ‘इज अ‍ॅडमिन’ हे फंक्शन वापरून विचारतात की आपण आत आहोत का. नावावरून वाटतं, समोरची व्यक्ती अ‍ॅडमिन आहे का हे ते सांगत असेल. तसं नाही. ब्राउझरकडून आलेली मागणी वेबसाइट सांभाळण्याच्या (अ‍ॅडमिनच्या) पानासाठी आहे का, एवढंच ते सांगतं. त्यातही खाचखळगे आहेत. वाचकाने ‘आणखी साड्या पाहा’ दाबलं आणि ती मागणी ‘अ‍ॅडमिन-एजॅक्स’ या, पान पुन्हा न उघडता माहिती मागवण्याच्या जुन्या वाटेने गेली, तर उत्तर ‘हो’ येतं, माणूस बाहेरचा असूनही. उलट, एडिटरने एखाद्या ब्लॉकचा नमुना सर्व्हरकडून (वेबसाइट जिथे ठेवलेली असते त्या संगणकाकडून) रेस्ट एपीआय या नव्या वाटेने मागवला, तर उत्तर ‘नाही’ येतं, काकू एडिटरमध्ये बसलेल्या असूनही. काही पेज बिल्डर (पान रचायची वेगळी जोड-साधनं) तर बाहेरचंच पान एका चौकटीत उघडून त्यावर काम करू देतात. तिथेही उत्तर ‘नाही’च. म्हणून जिथे जमेल तिथे फाइलची जागा आधीच ठरवून द्यावी, असं माझं मत झालंय.

₹ चं प्रकरण मात्र फाइल हलवून मी सोडून दिलं नाही. किंमत ब्राउझरमध्ये बदलायची गरजच काय, हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. आता डेटाबेसमध्ये नुसता आकडा राहतो. पान तयार होताना सर्व्हरच त्याला देवनागरी रूप आणि चिन्ह देतो, आणि वाचकाकडे पोचतं ते तयार पान. त्यामुळे ते थोडं लवकर उघडतं, हा आणखी एक फायदा. पैठणपलीकडच्या वाड्या-वस्त्यांवर नेटवर्कचे हाल असतात, तिथे तो जाणवतो.

तुमच्या वेबसाइटवर असंच काही होतंय का, हे पाहायला फार वेळ लागत नाही. संगणकावर एडिटर उघडा, एफ १२ दाबा, नेटवर्कच्या टॅबमध्ये जा आणि पान पुन्हा लोड करा. आलेल्या फाइलींची यादी दिसेल. तीत फोटो सरकवणारी, भेटी मोजणारी किंवा ‘व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा’ची खिडकी उघडणारी फाइल सापडली, तर ती तिथे कुणी जोडली ते शोधा.

जुन्या नोंदींतले जादा ₹ काढायला आम्हाला एक अख्खी दुपार लागली. काकू साडीचं नाव वाचून खरी किंमत सांगत होत्या, मी दुरुस्त करत होतो, आणि आतल्या खोलीत माग चालू होता.