गुपितापेक्षा ते लपवणंच महागात: सिक्युरिटी क्लिअरन्सची जुनी कहाणी

पाषाण, दिघी, खडकी या पट्ट्यात सोसायटीमागे एकतरी माणूस डीआरडीओत (लष्करासाठी संशोधन करणारी सरकारी संस्था) नाहीतर दारूगोळा फॅक्टरीत सापडतोच, त्यामुळे मे 2023 मध्ये दिघीच्या लॅबच्या डायरेक्टरला एटीएसने अटक केली तेव्हा अख्ख्या पुण्यात तोच विषय. पाकिस्तानी हेराच्या हनीट्रॅपमध्ये अडकून माहिती दिल्याचा आरोप, खरंखोटं कोर्ट बघेल. गुप्त काम देण्याआधी माणूस विश्वासाचा आहे ना हे तपासून सरकार परवानगी देतं, तीच सिक्युरिटी क्लिअरन्स. पण त्यात खासगी भानगड आणि देशाची सुरक्षा यांची सांगड कधीपासूनची, ते बघण्यासारखं आहे.

सगळे जण नाव घेतात ते ऑस्ट्रियाच्या कर्नल रेडलचं. हा हेरखात्यातलाच मोठा अधिकारी, रशियाला कागद विकायचा, 1913 मध्ये पकडला गेला आणि त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. तो समलिंगी होता म्हणून रशियाने ब्लॅकमेल केलं, अशी गोष्ट पसरली, नंतरच्या अभ्यासकांना मात्र पैशाची हावच जास्त दिसते. तरी 1950 मध्ये अमेरिकन सिनेटच्या कमिटीने समलिंगी लोक सरकारी नोकरीत धोक्याचे असं म्हणताना उदाहरण दिलं ते याच रेडलचं, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं जुनं आणि तेही परदेशातलं! 1953 मध्ये अशांना सरकारी नोकरीतून काढायची वाट करून देणारा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरचा आदेश 10450 आला आणि हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

आता यातली गंमत बघा, कळलं तर नोकरी जाणार हे सरकारनेच ठरवलं, मग माणूस लपवणार, आणि लपवतोय म्हणून ब्लॅकमेल होऊ शकतो असंही सरकारच म्हणणार. ब्रिटनचा व्हॅसॉल मॉस्कोच्या वकिलातीत क्लार्क होता, केजीबीने, म्हणजे रशियाच्या हेरखात्याने, त्याचे पुरुषांबरोबरचे फोटो काढून त्याला खरंच अडकवलं, 1962 मध्ये 18 वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा ब्रिटनमध्ये समलिंगी संबंध हाच गुन्हा होता, त्यामुळे त्या फोटोंना किंमत.

अमेरिकेत फ्रँक कॅमेनी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला 1957 मध्ये समलिंगी म्हणून सरकारी नोकरीतून काढलं, तो गप्प न बसता उघडपणे भांडत राहिला. जे सगळ्यांना माहितीये त्यावरून ब्लॅकमेल कोण करणार? शेवटी 1995 मध्ये क्लिंटनच्या आदेशाने नुसत्या लैंगिक कलावरून क्लिअरन्स नाकारणं बंद झालं, नुसतं मानसिक समुपदेशन घेतलं म्हणून संशय घ्यायचा नाही हेही त्यातच आलं. आता तिकडे 13 निकष आहेत, कर्ज, दारू, परदेशी नातेवाईक वगैरे, आणि लपवलेल्या लफड्याबद्दल विचारतात ते त्यावरून कोणी दाबू शकतं का एवढ्यासाठी. घरी आणि ऑफिसात आधीच सांगून टाकलं असेल तर ते बाजूने धरतात.

आपल्याकडे सरकारी नोकरीआधी पडताळणीसाठी भरून द्यायच्या अटेस्टेशन फॉर्मवर वरतीच छापलेलं असतं की खोटी माहिती दिली किंवा लपवली तर अपात्र. यावर 2016 मध्ये अवतार सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने बरंच मोकळं केलं, तरुणपणी घोषणा दिल्याची वगैरे किरकोळ केस लपवली तर खातं तिकडे कानाडोळा करू शकतं, पण अनेक केसेस चालू असताना मुद्दाम दडवल्या तर ते दडवणंच वजनदार धरलं जातं.