चार मिनिटांचे वक्ते

चार मिनिटांचे वक्ते : पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने लोकमत युद्धाच्या बाजूने वळवण्यासाठी उभी केलेली बिनपगारी वक्त्यांची फळी. इंग्रजी नाव ‘फोर मिनिट मेन’. मूकपटाच्या थिएटरात रीळ बदलायला साधारण चार मिनिटे लागत. तेवढ्यात पडद्यापुढे उभे राहून हे वक्ते आपले म्हणणे मांडत. नावात श्लेषही होता. १७७५ साली ब्रिटिशांविरुद्ध क्षणात बंदूक उचलायला सज्ज असणाऱ्या गावकऱ्यांना ‘मिनिट मेन’ म्हणत, आणि ही आठवण तिथल्या शाळकरी पोरालाही होती.

राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन १९१६ ची निवडणूक जिंकले तेव्हा त्यांच्या पक्षाचा प्रचार होता, की त्यांनी देशाला युद्धाबाहेर ठेवले. पाच महिन्यांत, ६ एप्रिल १९१७ रोजी, अमेरिकेने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. मतदारांनी दिलेला कौल असा उलटा फिरवायचा तर समजावणे भाग होते. १३ एप्रिलला विल्सन यांनी ‘कमिटी ऑन पब्लिक इन्फर्मेशन’ (लोकमाहिती समिती) नेमली आणि जॉर्ज क्रील या पत्रकाराला तिचे प्रमुख केले. समितीने वृत्तपत्रांना तयार मजकुराचा रतीब घातला, मे महिन्यापासून ‘ऑफिशियल बुलेटिन’ हे दैनिकही काढले. सैन्याच्या हालचाली छापू नयेत ही विनंती कागदावर ऐच्छिक होती. पण जून १९१७ च्या हेरगिरी कायद्याने टपालखात्याला आक्षेपार्ह अंक अडवण्याचा अधिकार मिळाला, त्यामुळे संपादकांनी ऐच्छिक शब्दाचा अर्थ बरोबर ओळखला. तरी छापील मजकुराला मर्यादा होत्या. लाखो स्थलांतरितांना इंग्रजी वाचता येत नव्हते, आणि ज्यांना येत होते ते सरकारी निवेदन गाळून पुढच्या पानावर जाऊ शकत. थिएटरात बसलेल्या माणसाला पान उलटता येत नाही.

कल्पना शिकागोच्या डोनाल्ड रायर्सन या तरुण व्यावसायिकाची. क्रीलने ती लगेच उचलली. पद्धत अशी : गावोगावी एक स्थानिक प्रमुख, तो वकील, बँकवाले, व्यापारी यांतून वक्ते निवडी. नामवंत व्याख्याते मुद्दाम टाळले जात, कारण त्यांना चार मिनिटांत आटोपण्याची सवय नसते. वॉशिंग्टनहून विषयाचे पत्रक येई. त्यात मुद्दे, आकडे आणि एकदोन नमुना भाषणे असत, पण ती पाठ म्हणून दाखवणे अपेक्षित नव्हते. प्रत्येकाने आपल्या शब्दांत बांधणी करायची. वक्ता बोलण्याआधी त्याचे नाव आणि समितीचा अधिकार सांगणारी काचेची स्लाइड पडद्यावर पडे. गावातलाच ओळखीचा माणूस, पण मागे सरकारचा शिक्का, यात या योजनेची सगळी ताकद होती.

वेळेचा नियम कडक होता. भाषण लांबले की पुढचे रीळ खोळंबे, प्रेक्षक कुरकुरत आणि थिएटरमालक पुढच्या खेपेला दार उघडायला नाखूष होई. चार मिनिटांत प्रश्नोत्तरांना जागाच नव्हती. ही अडचण नव्हे, सोय होती.

पहिला विषय सक्तीची सैन्यभरती. १८६३ मध्ये भरतीवरून न्यूयॉर्कमध्ये रक्तरंजित दंगल झाली होती, म्हणून ५ जून १९१७ च्या नोंदणीची धास्ती होती. त्या दिवशी २१ ते ३० वयाच्या सुमारे ९५ लाख पुरुषांनी बऱ्यापैकी शांततेत नावे नोंदवली. पुढे लिबर्टी कर्जरोखे (युद्धखर्चासाठी सरकारने विकलेले रोखे), रेडक्रॉस, धान्याची बचत हे विषय आले. न्यूयॉर्कमध्ये यिदिश (पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा) आणि इटालियन भाषांतही भाषणे होत. शाळकरी मुलांसाठी वेगळी शाखा निघाली.

सुरुवातीचा भर माहिती आणि कर्तव्य यांवर होता. १९१८ मध्ये कर्जरोख्यांसाठी जर्मन अत्याचारांची वर्णने आली आणि सूर भडक झाला. त्याच काळात शाळांतून जर्मन भाषा हद्दपार होत होती, ‘सॉरक्राउट’ हे जर्मन नाव टाळून कोबीच्या लोणच्याला ‘लिबर्टी कॅबेज’ म्हणू लागले होते, आणि ५ एप्रिलला इलिनॉयमधील कॉलिन्सव्हिल येथे जमावाने एका जर्मन स्थलांतरिताला झाडाला लटकावून मारले. याचा दोष थेट या वक्त्यांवर टाकता येत नाही. पण ही हवा तापवणाऱ्यांत ते होते. ऑक्टोबरमध्ये इन्फ्लुएंझामुळे कित्येक शहरांतली थिएटरे बंद झाली आणि चौथ्या कर्जरोख्यांच्या ऐन मोहिमेत वक्त्यांचे व्यासपीठच गेले. शस्त्रसंधीनंतर, डिसेंबर १९१८ मध्ये, संघटना विसर्जित झाली.

क्रीलच्या हिशेबानुसार ७५,००० वक्त्यांनी ७,५५,१९० भाषणे केली आणि ती सुमारे ३१ कोटी ४० लाख श्रोत्यांपर्यंत पोचली. भाषणामागे सरासरी चारशेवर श्रोते पडतात, जे त्या काळच्या थिएटरांना धरून आहे. देशाची लोकसंख्या मात्र जेमतेम दहा कोटींवर होती, म्हणजे हा आकडा माणसांचा नसून हजेऱ्यांचा. दर आठवड्याला सिनेमाला जाणारा दर आठवड्याला नव्याने मोजला गेला. यांपैकी किती जणांचे मत खरोखर बदलले, हे त्यातून काढता येत नाही. नोंदणी टाळणाऱ्याला तुरुंग होता आणि रोखे न घेणाऱ्यावर शेजाऱ्यांची नजर होती, तेव्हा भाषणाचा वाटा वेगळा काढणे त्या वेळीही अवघडच होते.