फोर्ज्ड पिस्टनने ताकद वाढते का?

इंजिन नव्याने बांधताना फोर्ज्ड (धातू दाबून घडवलेले) पिस्टन बसवले की ताकद आपोआप वाढते, हा कोल्हापुरात उद्यमनगरापासून शिरोलीपर्यंत ऐकू येणारा समज चुकीचा आहे. ताकद वाढते ती अधिक हवा-इंधन, कॉम्प्रेशन (त्या मिश्रणाचे दाबले जाणे) आणि इंजिनाच्या फेऱ्यांमुळे. फोर्ज्ड पिस्टन तो वाढीव दाब केवळ सोसतो. शिवाय अशा पिस्टनसाठी वापरल्या जाणाऱ्या २६१८ या ॲल्युमिनियम मिश्रधातूत सिलिकॉन अत्यल्प असल्याने तो तापल्यावर जास्त प्रसरण पावतो, म्हणून बोअरमध्ये (पिस्टन ज्यात सरकतो त्या सिलिंडरच्या पोकळीत) मोकळीक जास्त ठेवावी लागते आणि थंड इंजिन खडखडते. सुमारे १२ टक्के सिलिकॉनच्या ४०३२ या दुसऱ्या पिस्टन-मिश्रधातूत ही मोकळीक कमी चालते. रोज रस्त्यावर धावणाऱ्या, टर्बो नसलेल्या गाडीला माझ्या मते उत्तम कास्ट (ओतीव) पिस्टनच योग्य. ओतकामात नाव कमावलेल्या शहरात ओतीव भागाला कमअस्सल ठरवले जावे, याचे वाईट वाटते. पिस्टन कोणताही निवडा, प्रत्येकाचे माप घेऊन मगच बोअर होन करून (आतून बारीक घासून त्या मापाचा) घ्यावा.